उरलेल्या हाडाचा शोध

१९८२ च्या मे महिन्यात कॅनडातल्या टोरोंटो शहरात उत्तर अमेरिकेतल्या दंत महाविद्यालयांचे प्राध्यापक एका परिषदेसाठी जमले होते. परिषद भरवली होती टोरोंटो विद्यापीठाच्या जॉर्ज झार्ब यांनी. ऐकायचे होते स्वीडनमधल्या गोटेनबर्गहून आलेल्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या गटाचे म्हणणे. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला घट्ट धरेपर्यंत थांबायचे आणि मग त्यावर दात उभे करायचे, एवढेच ते म्हणणे होते. पण त्यामागे पंधरा वर्षांच्या नोंदी होत्या, आणि या परिषदेनंतर जगभरच्या दंतवैद्यांची इम्प्लांटकडे पाहण्याची नजर बदलली.

त्याच साली औरंगाबादेत शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. शेजारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासूनचे. सगळा मराठवाडा त्याच्या रुग्णालयाला ‘घाटी’ म्हणतो. छातीत दुखले, साप चावला, बाळंतीण अडली की घाटी, हे गावोगावच्या लोकांना ठाऊक होते. दातांसाठी मात्र सरकारी मोठे ठिकाण म्हणजे मुंबई नाहीतर नागपूर. आता जालना, बीड, परभणीच्या माणसाला एसटीने सकाळी निघून दुपारपर्यंत दाताच्या डॉक्टरांसमोर बसता येऊ लागले.

बसल्यावर बहुतेकांच्या वाट्याला येई ते दात काढणे. तंबाखू आणि मशेरी यांनी हिरड्या सोडलेल्या, साखरेच्या आजाराने हाड पोखरलेले, काही भागांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर तपकिरी डाग धरलेले. सगळे दात गेले की कवळी. वरची कवळी टाळूला चिकटून बऱ्यापैकी बसते. खालचीला जिभेच्या आणि गालांच्या मधल्या अरुंद कडेवर तोल सांभाळावा लागतो. दात गेल्यावर ती कडही झिजत जाते. दाताचे मूळ हाडात असेपर्यंत चावण्याचा दाब हाडापर्यंत पोहोचतो आणि हाड टिकून राहते. मूळ गेले की शरीर ते हाड हळूहळू परत घेते, पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, पुढे कमी वेगाने पण आयुष्यभर. म्हणून साठीत नीट बसणारी कवळी सत्तरीत तोंडात फिरू लागते. मग माणूस ती काढून खिशात ठेवतो आणि भाकरी दुधात कुस्करून खातो.

आज याच शहरातल्या जालना रोडवरून जाताना इम्प्लांटच्या पाट्या दिसतात. ‘फिक्स दात’ म्हणून लोक त्यांना ओळखतात आणि ती पैसेवाल्यांची सोय समजतात. या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना माझे मत याच्या अगदी उलट झाले. ही विद्या जन्माला आली ती ज्यांच्या जबड्यातच काही उरले नव्हते त्यांच्यासाठी. तिच्यातली प्रत्येक नवी पद्धत कुणाच्या तरी हाडाच्या तुटवड्यातून निघाली आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यावर जे ओढवले त्याने ही विद्या पुन्हा तिच्या मूळ जागी आणून ठेवली, आणि तिथवर येण्यासाठी आधीची पन्नास वर्षे सांगावी लागतील.

ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लुंड इथे ते सशाच्या पायाच्या जिवंत हाडातला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचा एक छोटा कप्पा बसवलेला असे. प्रयोग संपल्यावर तो निघेना. हाड त्याला थेट भिडून वाढले होते, मध्ये मऊ पेशींचा पदरही नव्हता. शरीर परक्या धातूला नेहमी अशा पदराने वेगळे पाडते, अशी तोवरची समजूत होती. त्यांनी या अडचणीचाच पाठपुरावा केला. पुढे कुत्र्यांच्या जबड्यांत स्क्रू बसवून पाहिले आणि १९६५ मध्ये गोटेनबर्गला पहिल्या माणसावर शस्त्रक्रिया केली.

गोस्टा लार्सन हे त्यांचे नाव. जबड्यात जन्मजात व्यंग, खालच्या जबड्यात दात नाहीत, बोलणे आणि चावणे दोन्ही कष्टाचे. त्यांच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले गेले. २००६ मध्ये ते वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ते त्या दातांवर जेवले. या विद्येचा पहिला लाभार्थी हसू सुंदर करून घ्यायला आलेला नव्हता, ही गोष्ट दंत महाविद्यालयात पहिल्याच तासाला सांगावी असे मला मनापासून वाटते.

स्वीडनच्या दंत प्राध्यापकांनी मात्र त्यांना वर्षानुवर्षे धुडकावले. त्यालाही कारण होते. त्याआधीचे इम्प्लांट वाईट निघाले होते. १९४० च्या दशकात स्वीडनच्याच गुस्ताव डाल यांनी, आणि त्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत गोल्डबर्ग आणि गर्शकॉफ या जोडीने, हाडात काही न घुसवता हाडावर धातूची जाळी बसवण्याची पद्धत पुढे आणली होती. हिरडी पूर्ण उघडायची, उघड्या हाडाचे माप घ्यायचे, हिरडी शिवून टाकायची. त्या मापावर प्रयोगशाळेत कोबाल्ट-क्रोमची जाळी ओतून घ्यायची. मग पुन्हा हिरडी उघडून जाळी हाडावर ठेवायची आणि तिचे चार खुंट तोंडात बाहेर काढायचे. भूल देऊन माणसाचा जबडा दोनदा सोलायचा. ओल्या, रक्ताळ हाडाचे माप नेमके येत नसे, जाळी हलायची, पू व्हायचा आणि तिच्याखालचे हाड विरघळायचे. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या लेनर्ड लिंको यांनी अरुंद हाडात पात्यासारखे इम्प्लांट ठोकून बसवण्याचा मार्ग रूढ केला. त्यातले काही खूप वर्षे टिकले आणि काही निघाले ते आजूबाजूचे हाड घेऊन. ‘इम्प्लांट’ म्हटल्यावर जुन्या प्राध्यापकांच्या डोळ्यांसमोर हे सगळे येत असे.

या संशयाला ब्रोनेमार्क यांनी शिस्तीने उत्तर दिले. त्यांच्या पद्धतीत दोन शस्त्रक्रिया होत्या. पहिलीत हिरडीला छेद देऊन ती हाडावरून उचलायची, हाडात टप्प्याटप्प्याने जाड होत जाणाऱ्या ड्रिलने भोक पाडायचे, आणि हे करताना सतत सलाईनचे गार पाणी सोडायचे. घर्षणाने हाड तापले तर ते मरते; ४७ अंश सेल्सियसला एक मिनिट एवढेही त्याला सोसत नाही, हे १९८३ मध्ये याच गटातल्या संशोधकांनी मोजून दाखवले. मग स्क्रू हळूहळू फिरवत बसवायचा, त्याच्या तोंडावर झाकण लावायचे आणि वरून हिरडी शिवून टाकायची. खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्यात पाच-सहा महिने त्याला कुणी हात लावायचा नाही. तोंडातले जंतू नकोत, चावण्याचा दाब नको. मुदत भरली की दुसऱ्या शस्त्रक्रियेत हिरडी उघडून झाकण काढायचे आणि दाताचा खुंट जोडायचा.

१९८१ मध्ये या गटाने पंधरा वर्षांचा हिशेब छापला : ३७१ रुग्ण, त्यांचे दात नसलेले ४१० जबडे, त्यांत बसवलेले २,७६८ स्क्रू. पाच ते नऊ वर्षे पाठपुरावा झालेल्या रुग्णांत खालच्या जबड्यातले ९१ टक्के स्क्रू घट्ट होते आणि वरच्यातले ८१ टक्के. टोरोंटोत प्राध्यापकांना पटले ते या आकड्यांमुळे. या दोन आकड्यांमधला फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. खालचा जबडा भरीव, कडक. वरचा पोकळ, स्पंजासारखा, आणि त्याच्यावर नाकाशेजारच्या हवेच्या पोकळ्या. पुढची बहुतेक मोठी भांडणे आणि शोध वरच्या जबड्यावरून झाले.

पण त्याआधीचा वाद वाट पाहण्यावरून झाला. स्वित्झर्लंडमध्ये बर्नचे प्राध्यापक आंद्रे श्रोडर यांनी १९७० च्या दशकात वाल्डेनबुर्गच्या श्ट्राउमान संस्थेबरोबर वेगळे इम्प्लांट विकसित केले. ही संस्था मुळात धातूंची, घड्याळांच्या स्प्रिंगांसाठी मिश्रधातू घडवणारी. त्यांच्या इम्प्लांटचा वरचा गळा पहिल्याच दिवशी हिरडीबाहेर ठेवलेला असे. हिरडी त्याच्याभोवती शिवायची, त्यावरच भरू द्यायची. दुसरी शस्त्रक्रिया नाही. गोटेनबर्गच्या शिस्तीत वाढलेल्यांना हे धाडस वाटले, कारण जंतूंना दार उघडे ठेवल्यासारखे ते होते. पुढे दोन्ही पद्धती शेजारी ठेवून तुलना झाल्या तेव्हा स्क्रू टिकण्यात ठळक फरक दिसला नाही. जिथे हाड मऊ आहे आणि स्क्रू बसवतानाच सैलसर वाटतो, किंवा बाजूला हाडाची भुकटी भरावी लागली आहे, तिथे झाकून वाट पाहणे शहाणपणाचे. जिथे पकड पक्की आहे तिथे एकाच खेपेत काम होते. हिंगोलीहून येणाऱ्या माणसाचा एक हेलपाटा, एक दिवसाची मजुरी आणि सोबत आलेल्या मुलाची रजा या निर्णयात धरली, तर एका खेपेच्या पद्धतीचे मोल स्वीडनपेक्षा मराठवाड्यात जास्त आहे.

दात काढला त्याच क्षणी त्याच्या खड्ड्यात इम्प्लांट बसवण्याचे प्रयत्नही सत्तरच्या दशकातले, जर्मनीच्या ट्युबिंगेनचे. हिरडी न उचलता छोट्या गोल छिद्रातून स्क्रू सरकवण्याची पद्धत त्यानंतरची. टाके नाहीत, सूज कमी, रुग्ण खूश. पण डॉक्टरला हाड दिसत नाही. खालच्या जबड्यात जिभेच्या बाजूला हाडाला जो खोलगट बाक असतो तिथे ड्रिल बाहेर निघाले तर जिभेखाली रक्तस्राव होऊन श्वास अडू शकतो. म्हणून ही पद्धत खऱ्या अर्थाने सुरक्षित झाली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जबड्याचा त्रिमितीय स्कॅन देणारी यंत्रे आल्यावर. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा नेहमीचा एक्स-रे, हे सपाट चित्र. त्यात हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही.

आता वरचा जबडा.

वरच्या दाढा गेल्या की दोन बाजूंनी हाड जाते. खालून कड झिजते आणि वरून सायनसची पोकळी खाली उतरत येते. दहा वर्षांत मध्ये उरते ते तीन-चार मिलिमीटर हाड. नेहमीचा स्क्रू लांबीला आठ ते सोळा मिलिमीटर. अमेरिकेत अलाबामाच्या हिल्ट टेटम यांनी सत्तरच्या दशकात गालाच्या बाजूने हाडाला खिडकी पाडली, सायनसचे पातळ अस्तर न फाटता वर ढकलले आणि त्याखाली रुग्णाच्याच कमरेचे हाड भरले. बॉयन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये ही पद्धत छापून आणली. ती परिणामकारक आहे, पण हाड पिकेपर्यंत सहा ते नऊ महिने जातात. १९९४ मध्ये समर्स यांनी हलकी वाट दाखवली : दाढेच्याच जागेतून बारीक दांडी हातोडीने ठोकत सायनसचा तळ दोन-चार मिलिमीटर उचलायचा. ज्याच्याकडे पाच-सहा मिलिमीटर हाड उरले आहे त्याला ती पुरते. ज्याच्याकडे त्याहून कमी आहे त्याला खिडकीच.

भरायला कमरेचे हाड घेणे आता कमी झाले आहे. बाजारात हाडाची भुकटी मिळते आणि जगात सर्वाधिक अभ्यासलेली भुकटी गोवंशाच्या हाडापासून केलेली असते. आपल्याकडे ही गोष्ट रुग्णाला आधी, त्याच्या भाषेत, स्पष्ट सांगितलीच पाहिजे. पर्याय असतात, आणि निवड त्याची आहे.

सायनसला हात न लावता पुढे जाण्याची कल्पना लिस्बनच्या पाउलो मालो यांनी रूढ केली. सायनसच्या पुढे, नाकाच्या दोन्ही अंगांना दात गेल्यावरही बरे हाड उरते. तिथे चार स्क्रू बसवायचे : पुढचे दोन सरळ, मागचे दोन सायनसच्या भिंतीला समांतर ४५ अंशांपर्यंत तिरपे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्यांवर पूर्ण पंगतीचे तात्पुरते दात. २००३ मध्ये त्यांनी खालच्या जबड्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, पुढे वरच्याचे. ब्रोनेमार्क यांनी सहा महिने झाकून ठेवायला सांगितलेला स्क्रू आता पहिल्याच दिवशी चावण्याचा भार घेऊ लागला. चारही स्क्रू एका कडक पट्टीने एकमेकांना जखडलेले असल्याने एकटा कुणी हलत नाही, हे त्यामागचे रहस्य.

आणि ज्यांच्याकडे पुढेही हाड नाही, ज्यांचा वरचा जबडाच गाठीमुळे काढावा लागला आहे, त्यांच्यासाठी ब्रोनेमार्क यांनी स्वतःच १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणखी एक वाट काढली. जबड्यात हाड नसेल तर गालाच्या हाडात जायचे. गालाचे हाड घट्ट आणि दात गेल्यावरही न झिजणारे. तिथे पोहोचणारा स्क्रू तीस ते बावन्न मिलिमीटर लांब असतो, नेहमीच्या तिप्पट-चौपट. तोंडात टाळूच्या कडेने शिरून, सायनसमधून किंवा त्याच्या बाहेरून, डोळ्याच्या खोबणीखाली त्याचे टोक रुतते. मूळ पद्धतीत तो सायनसच्या आतून जाई आणि पुढे कित्येकांना सायनसचा त्रास होई. म्हणून बार्सिलोनाचे कार्लोस आपारिसियो आणि इतरांनी प्रत्येक रुग्णाच्या भिंतीचा आकार पाहून मार्ग ठरवायचा, शक्यतो सायनसच्या बाहेरून न्यायचा, अशी मांडणी केली. डोळा आणि ड्रिल यांच्यात काही मिलिमीटर असतात. ही शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन, मुखशल्यचिकित्सकाने, शस्त्रक्रियागृहातच करावी. महिन्याभराच्या शिबिरात ती शिकता येत नाही.

आता २०२१ चा तो उन्हाळा. त्याच्या तोंडावर कोविडची दुसरी लाट महाराष्ट्रावर आली. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचा जीव वाचवते, हे इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीने जून २०२० मध्ये सिद्ध केले होते. त्याचे माप ठरलेले होते : रोज सहा मिलिग्रॅम, दहा दिवस. खाटा संपल्या, माणसे घरी उपचार घेऊ लागली, आणि कित्येकांच्या बाबतीत हे माप आणि हे दिवस सुटले. मधुमेह आपल्याकडे आधीच घरोघर. स्टेरॉइडने साखर चारशे-पाचशेवर गेली. मग कोविडमधून उठलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल बधिर व्हायचा, नाकातून काळपट पाणी यायचे, वरच्या दाढा हलायच्या. कित्येक जण आधी दाताच्या डॉक्टरकडे गेले, कारण दुखत दाढ होती. धडधाकट दिसणाऱ्या तीन-चार दाढा एकत्र हलताना पाहून ज्या दंतवैद्याने दात न काढता सायनसचा स्कॅन आणि बायोप्सी करायला सांगितले, त्याने त्या माणसाचा डोळा वाचवला, कधी जीवही.

हा आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि त्या बुजवते. रक्त थांबले की हाड मरते, आणि मेलेल्या हाडात औषध पोहोचत नाही. म्हणून नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही; मेलेले सगळे काढावे लागते. २० मे २०२१ ला केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितले. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री, जालन्याचे राजेश टोपे, यांनी त्यावरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मोफत होतील असे जाहीर केले. या बुरशीवरच्या अम्फोटेरिसिन या औषधाचा तुटवडा भयंकर होता. लायपोसोमल प्रकारचा डोस किलोमागे पाच मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, आणि असे कित्येक आठवडे. मे संपता संपता वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने इमल्शन प्रकारचे इंजेक्शन बनवायला सुरुवात केली. जुलैत संसदेत सांगितलेल्या आकड्यांनुसार देशात पंचेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण झाले होते, चार हजारांहून अधिक मरण पावले होते, आणि सर्वाधिक, नऊ हजारांहून अधिक, रुग्ण महाराष्ट्राचे होते.

मराठवाड्याचा भार औरंगाबादवर आला. घाटी, दंत महाविद्यालय आणि शहरातली खासगी रुग्णालये, सगळीकडे कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मुखशल्यचिकित्सक एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहू लागले. एक दुर्बिणीने नाकातून सायनस साफ करायचा, दुसरा तोंडातून जबडा काढायचा. कोविडच्या आधी वरच्या जबड्याचा अर्धा भाग काढणे हे काम मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांचे. आता ते वारंवार होऊ लागले.

जीव वाचला की दुसरा आजार सुरू होतो, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांत फार कमी आले. टाळू गेला की तोंड आणि नाक एक होतात. प्यायलेले पाणी नाकातून येते. बोलणे घोगरे, घरच्यांनाही कळत नाही असे. गाल आत बसतो. चाळिशी-पन्नाशीचा कमावता माणूस चारचौघांत जेवायचे सोडतो, फोनवर बोलायचे टाळतो. या माणसाला काय द्यायचे, यावर आधीच्या पन्नास वर्षांतल्या सगळ्या पद्धती एकाच वेळी परीक्षेला बसल्या.

पहिले उत्तर सर्वांत जुने आहे. टाळूचे भोक बुजवणारी कवळी, जिला ऑब्च्युरेटर म्हणतात. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआज पारे यांनी तिचे वर्णन केले आहे. माप घ्यायचे, अॅक्रिलिकमध्ये घडवायचे, उरलेल्या दातांना तारेच्या कड्यांनी अडकवायचे. स्वस्त, लवकर होणारे, आणि काढून आतली पोकळी रोज पाहता येते, बुरशी परत आली तर लगेच दिसते. पहिल्या सहा महिन्यांत याच्याइतके शहाणे उत्तर दुसरे नाही. हे काम करणाऱ्या प्रॉस्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे कृत्रिम दातांच्या तज्ज्ञांची, नावे कुठे छापून आली नाहीत. रुग्णाला ताटावर परत बसवले ते त्यांनी. पण या कवळीला धरायला दात लागतात. दोन्ही बाजूंचा जबडा गेला असेल तर ती कशालाच टेकत नाही.

दुसरे उत्तर पायातून येते. पोटरीतले बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून जबड्याच्या जागी बसवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली गळ्यातल्या रक्तवाहिनीला जोडायचे आणि ते जुळल्यावर त्यात स्क्रू. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इयान टेलर यांनी हे हाड रक्तवाहिनीसह हलवले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत हिडाल्गो यांनी त्यातून जबडा घडवला. कर्करोगानंतर हा फार चांगला मार्ग आहे. म्युकरच्या रुग्णात मात्र अडचण अशी की तो बहुधा जुना मधुमेही असतो, पायाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद, आणि चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या बुरशीने गेलेल्या. आठ-दहा तासांची शस्त्रक्रिया त्याला झेपेल का, हा प्रश्न आधी येतो.

तिसरे उत्तर गालाच्या हाडातले स्क्रू, आणि देशभर म्युकरच्या रुग्णांसाठी याचा वापर वाढला. दोन्ही बाजूंना दोन-दोन, असे चार लांब स्क्रू, त्यांवर धातूची पट्टी, पट्टीवर दात आणि टाळू बुजवणारा भाग. पायाला हात नाही, महिनोन्‌महिने थांबणे नाही. ब्रोनेमार्क यांनी जबडा गमावलेल्यांसाठीच हा स्क्रू केला होता. मधल्या काळात तो कवळीला कंटाळलेल्या सधन वृद्धांचा उपाय झाला होता. पण बुरशीने गालाचे हाडही खाल्ले असेल तर हाही मार्ग बंद. शिवाय कर्करोगात कापलेल्या कडेच्या पलीकडे हाड निरोगी असते, म्युकरमध्ये कड फसवी असते; आज बरे दिसणारे हाड तीन महिन्यांनी मेलेले निघू शकते. म्हणून औषध पूर्ण झाल्यावर काही महिने थांबून, स्कॅन स्वच्छ आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आहे, हे पाहूनच पुढे जावे.

चौथ्या उत्तराने मला सर्वांत जास्त विचारात पाडले. सोडून दिलेली जाळी परत आली. रुग्णाचा सीटी स्कॅन घ्यायचा, संगणकावर त्याच्या कवटीचे उरलेले हाड उभे करायचे, नाकाच्या काठापासून गालाच्या हाडापर्यंत जिथे जिथे बरे हाड आहे तिथे टेकेल अशी टायटॅनियमची चौकट त्रिमितीय छपाईने बनवायची आणि बारीक स्क्रूंनी पक्की करायची. दातांचे खुंट चौकटीतूनच निघतात. हॅनोव्हरच्या गेलरिश यांनी गेल्या दशकात अशी चौकट घडवली आणि म्युकरनंतर भारतीय शल्यचिकित्सकांनी ती पुष्कळ वापरली. डाल आणि गर्शकॉफ यांच्या जाळीचे दोन मोठे दोष होते, ओल्या हाडावर घेतलेले चुकीचे माप आणि पकड नसल्याने हलणे. पहिला दोष स्कॅनने गेला, दुसरा बारीक स्क्रूंनी. पहिली शस्त्रक्रियाच उरली नाही. हिरडी चौकटीवरून मागे सरकून धातू उघडा पडणे हा तिसरा दोष मात्र अजून आहे आणि त्यावर पक्के उत्तर नाही.

माझे मत विचाराल तर या चार उत्तरांत विजेता नाही, क्रम आहे. आधी सर्वांना ऑब्च्युरेटर. एका बाजूचे दात शाबूत असतील तर कित्येकांना तोच आयुष्यभर पुरतो, आणि त्याला कमी लेखू नये. दोन्ही बाजू गेल्या, गालाचे हाड बरे, साखर ताब्यात, तर लांब स्क्रू. गालाच्या हाडाचा काही भागच गेला असेल तर चौकट. रुग्ण तरुण, रक्तवाहिन्या चांगल्या, टाळूचे मोठे मांस गेलेले, तर पोटरीचे हाड. जीव वाचवण्याचा खर्च समाजाने उचलला. टाळू आणि दात परत देण्याचा खर्च त्याच उपचाराचा भाग मानला पाहिजे, त्याला सौंदर्याच्या खात्यात टाकणे अन्याय आहे.

आणि क्रमाबद्दलचे हे मतही पक्के व्हायला अजून वेळ लागेल. गोटेनबर्गच्या गटाला ८१ आणि ९१ हे आकडे सांगता आले, कारण त्यांनी प्रत्येक रुग्णाला वर्षानुवर्षे परत बोलावले आणि तो आला. म्युकरनंतरच्या जबड्यांतले स्क्रू आणि चौकटी अजून फार जुन्या नाहीत. त्यांची खरी तुलना पंधरा वर्षांच्या नोंदींवरच होईल, आणि मराठवाड्यात नोंदी टिकवायच्या तर तारखा इथल्या जगण्याप्रमाणे द्याव्या लागतील. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेला लागतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. त्याला डिसेंबरची तारीख दिली तर तो येणार नाही आणि नोंदीत ‘पाठपुरावा तुटला’ असे लिहावे लागेल. त्याला एप्रिल-मेची तारीख द्यावी, आणि त्या एका खेपेत साखर, स्कॅन, दुर्बिणीने नाकाची तपासणी आणि स्क्रूंभोवतीची सफाई उरकून त्याला संध्याकाळच्या एसटीत बसवावे.